पत्रकाची पहिली ओळ

लातुरात क्लासच्या जाहिराती लिहिणारी बाई मी एकटीच होते, आणि हे मी अभिमानानं सांगत असे. खरं तर मी मराठी शिकवायला लागले होते. पण डॉक्टर-इंजिनिअर व्हायला निघालेल्या त्या जत्रेत मराठीला कोण विचारतो? शेजारच्या फिजिक्सच्या वर्गात पोरं दाराबाहेर उभी राहून ऐकायची, आणि माझ्या तासाला हजेरी झाली की मागचे बाक हळूहळू रिकामे व्हायचे. एकदा क्लासच्या मालकांनी छापायला निघालेलं पाम्प्लेट माझ्यापुढं टाकलं. 'मॅडम, शुद्धलेखन तेवढं बघा.' मी शुद्धलेखन बघितलं आणि हात शिवशिवले म्हणून मजकूरही बदलला. त्या वर्षी प्रवेशाला जिन्यापासून रांग लागली. पुढच्या वर्षी मी शिकवणं सोडलं आणि नुसतं लिहायला लागले.

माझं तंत्र साधं होतं. पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो आणि गुण तर सगळेच छापतात. मी फोटोखाली गोष्ट टाकायची. पोरगं पेढे घेऊन आलं की मी पेढा तोंडात टाकायच्या आधी विचारायची, 'घरी काय अडचण होती?' एखादा भाबडेपणानं म्हणायचा, 'काही नाही मॅडम, सगळं बरं होतं,' की माझं तोंड वाकडं व्हायचं. मुरुडच्या एका पोराच्या वडलांचं भर बाजारात कापडाचं दुकान होतं. मी लिहिलं, 'बापानं रस्त्यावर धंदा करून शिकवलं.' दुकान रस्त्यावरच होतं, मग त्यात खोटं काय? ते गृहस्थ तणतणत भांडायला आले. मालकांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं आणि मला आत बोलावून शाबासकी दिली. मी घरी येऊन हा किस्सा तिखटमीठ लावून सगळ्यांना सांगितला होता.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, नांदेडला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. बोलायला कंजूष आणि खरं बोलायला उधळा असा त्याचा स्वभाव. त्यानं आणि त्याच्यासारख्याच चार-पाच जणांनी मिळून एक डेटाबेस तयार केला होता. डेटाबेस म्हणजे काय, हे त्यानं मला तीनदा समजावलं. शेवटी मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं: शाळेचं जनरल रजिस्टर, दवाखान्याची नोंदवही, आडत्याच्या वह्या, हे सगळं कॉम्प्युटरमध्ये ज्या कपाटात राहतं ते कपाट. ह्यांचं कपाट खुलं होतं. कुणीही वापरावं, आतून कसं केलंय ते उघडून बघावं, हवं तसं बदलावं, दुसऱ्याला द्यावं. आमच्याकडं दिवसातून चारदा वीज जायची, तरी त्यात अर्धवट नोंद राहत नसे. लिहिली तर पूर्ण, नाही तर नाहीच. आणि एकदा लिहिलेलं कुणी बदललं, तर जुनंही मागं शिल्लक राही, बदलणाराच्या नावासकट.

इतकी चांगली वस्तू, पण घेणारं कुणी नव्हतं. दादानं स्वतःच एक पत्रक लिहिलं होतं. त्याची पहिली ओळ अशी: 'हे सॉफ्टवेअर बिघडू शकते. बिघडल्यास काय करावे ते मागील पानावर दिले आहे.' मी हसून हसून बेजार झाले.

'दादा, अरे, लग्नाच्या पत्रिकेत नवरदेव घोरतो असं छापतात का?'

'घोरत आसंल तर छापावं,' तो म्हणाला. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

शेवटी मजकुराची जबाबदारी त्या सगळ्यांनी मिळून माझ्यावर टाकली. दर दुसऱ्या रविवारी दादा नांदेडहून निघायचा, मी लातूरहून निघायची, आणि आम्ही मधे अहमदपूरच्या एसटी स्टँडवर उतरायचो. स्टँडसमोरच्या हॉटेलात कोपऱ्यातलं एक बाकडं आमचं ठरून गेलं होतं. एक प्लेट भजी, दोन चहा, मग आणखी दोन चहा. क्लासच्या जुन्या पाम्प्लेटांच्या कोऱ्या बाजूवर ओळी लिहायच्या आणि खोडायच्या. लग्न झाल्यापासून मला भाऊ असा तासन्‌तास मिळाला नव्हता. माझ्या आयुष्यातले ते फार चांगले रविवार होते.

'मोफत' पहिल्याच दिवशी बाद झालं. भूकंपानंतर आमच्या भागात मोफत म्हटलं की तंबू, ब्लँकेटं आणि रांगा आठवतात. माणसं हात पुढं करतात, पण त्या वस्तूला घरात मान देत नाहीत. 'मुक्त' म्हटलं तर दादाच म्हणाला, 'जेलातनं सुटल्यावानी वाटायलंय.' म्हणून 'खुला' ठेवलं. 'देशात पहिला' मी लिहिलं, त्यानं खोडलं. 'शंभर टक्के सुरक्षित' मी लिहिलं, ते त्यानं इतक्या जोरात खोडलं की कागद फाटला. 'इथं कधीच काही हरवत नाही' ही ओळ मात्र मी तीन रविवार लावून धरली.

'हरवतंय की,' तो म्हणायचा. 'डिस्कच जळली तर?'

'मग काय लिहू?'

'जे हाय ते लिही. नोंद बदलली तर कळतंय. नोंद ऱ्हायली तर कळत न्हाई. जे कुणी लिहिलंच न्हाई, ते मशीनला कुठनं ठावं?'

'हे शेवटचं तुला कोण विचारायलंय? लोकांला कशाला सांगायचं ते?'

तो गप्प झाला. एरवी तो गप्प झाला की मी पुढची ओळ लिहायला घ्यायची. त्या रविवारी, दिवाळी आठवड्यावर आली होती, मी का कोण जाणे लिहायचं थांबले आणि त्याच्याकडं बघत बसले. मग त्यानं मला सांगितलं.

ते सांगायच्या आधी आमच्या घराचं सांगायला हवं. आमचं गाव भूकंपात गेलं तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि शाळेसाठी मुरुडला मावशीकडं राहत होते, म्हणून वाचले. आई त्याच्या आधीच, आमच्या धाकटीच्या बाळंतपणात गेली होती. घरात तिघं होते: अप्पा, सतरा वर्षांचा दादा आणि नऊ वर्षांची धाकटी. अप्पांचा पाय भिंतीखाली सापडला. त्यांना त्याच दिवशी सोलापूरच्या दवाखान्यात हलवलं. धाकटी गेली. दादाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला पुरतात. समाधी असते, सणावाराला तिथं बेल वाहता येतो, नुसतं जाऊन बसता येतं. पण तेव्हा पाऊस लागला होता, खड्डे खणायला हात नव्हते, आणि मिळतील त्या लाकडांवर गावातल्या सगळ्यांना एकत्र ठेवलं. धाकटीलाही. त्यामुळं अप्पांना जाऊन बसायला जागाच उरली नाही. पुढं नवं गाव वसलं आणि ग्रामपंचायतीपुढं गेलेल्यांच्या नावांचा दगड बसवला, सरकारी यादीवरून. त्या दगडावर धाकटीचं नाव नव्हतं.

का नव्हतं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. यादी करायला माणसं आली होती. अक्षर चांगलं म्हणून आमच्या आळीची नावं लिहायला त्यांनी दादालाच बसवलं. दादानं धाकटीचं नाव लिहिलं होतं, आणि पुढं कुठल्या तरी कचेरीत ते पान गहाळ झालं. अप्पा त्या पानाच्या मागं लागले. नव्या गावात त्यांनी किराणा दुकान टाकलं होतं. दर बुधवारी ते दुकान बंद ठेवायचे, कपाळाला विभूती लावायचे, काठी टेकत एसटीत चढायचे आणि लातूरच्या कचेऱ्या करून दुपारी माझ्याकडं जेवायला यायचे. मदत नको, फक्त नाव पाहिजे, असं त्यांनी प्रत्येक अर्जात लिहिलं होतं. कारकून बदलले, साहेब बदलले. काही जण तर त्यांना बघितलं की आधी बसायला खुर्ची द्यायचे आणि मग नाही म्हणायचे. भूकंपाला वीसेक वर्षं होत आली होती. जेवताना अप्पा त्या पान हरवणाऱ्या कारकुनाचा उद्धार करायचे, आणि मीही ताटात भाकरी वाढताना साथ द्यायची.

अहमदपूरच्या त्या बाकड्यावर दादा म्हणाला, 'पान हरवलं न्हाई. म्या लिहिलंच न्हाई.'

सगळ्या आळीची नावं त्यानं लिहिली होती. घरं ओळीनं घेत तो आपल्या घराशी आला आणि पान उलटून पुढच्या घराचं लिहायला लागला. त्याला वाटलं, उद्या लिहू. उद्या ती माणसं पुढच्या गावाला गेलेली होती. काही महिन्यांनी अप्पा कुबडी घेऊन परत आले. त्यांनी पाणी प्यायच्या आधी विचारलं, 'धाकलीचं नाव घातलंस का?' आणि ह्याच्या तोंडून 'हाव' निघून गेलं.

'तिला म्याच उचलून ठिवलं व्हतं,' दादा म्हणाला. 'समदं म्याच केलं. निस्तं लिहायचं व्हईना.'

मला तिथंच रडू कोसळलं. हॉटेलवाल्यानं येऊन न विचारता पाण्याचा ग्लास ठेवला. दादा रडला नाही. गार झालेल्या भज्याचे तुकडे करत तो नुसता बसून राहिला, आणि मला वाटलं, हा सतरा वर्षांचा असल्यापासून असाच कुठं कुठं बसून राहिला असणार आणि आपल्याला कधी दिसलं नाही. उठताना तो म्हणाला, 'हे अप्पाला कळू द्यायचं न्हाई. आन् पाम्प्लेटात तर मुळीच न्हाई.'

'येडा हायस का तू? म्या कशाला सांगू?' मी म्हटलं.

संक्रांतीनंतर लातुरात एका सभागृहात कार्यक्रम ठरला. आजूबाजूच्या तालुक्यांतले मुख्याध्यापक, दवाखान्यांची माणसं, थोडे आडते, असे शंभरेक लोक येणार होते. 'तू लिही, मला दाखव, मग छाप,' असं दादानं बजावलं होतं. छापायचा दिवस आला तरी माझ्याकडं पहिली ओळ नव्हती. आदल्या दिवशी ओळखीच्या एका मुख्याध्यापकांना मी मसुदा वाचायला दिला होता. त्यांनी सगळा मन लावून वाचला, मागं उलटून बघितलं आणि विचारलं, 'समदं ठीक हाय मॅडम, पन ह्याच्यात फोटो कुनाचा टाकनार?' मला त्यांचा राग आला, आणि ते बरोबर बोलतायत हेही कळलं. कागदावर माणूसच नव्हता. गोष्ट नव्हती.

आणि मला गोष्ट माहीत होती. छापायच्या दिवशी सकाळी भाजी फोडणीला टाकून मी ती एका दमात लिहिली: 'भूकंपात गेलेल्या बहिणीचं नाव भावानं यादीत लिहिलं. कचेरीत ते पान हरवलं. म्हणून ह्या भावानं अशी यादी तयार केली, जिच्यातलं पान हरवत नाही.' भाजी करपली. वाचताना माझ्याच अंगावर काटा आला. इतकी चांगली ओळ मी त्याआधी कधी लिहिली नव्हती, आणि त्यानंतरही लिहिली नाही.

मी दादाचं गुपित फोडत नव्हते, हे मी स्वतःला नीट पटवून दिलं. जे अप्पा इतकी वर्षं दारोदार सांगत होते, तेच मी लिहिलं होतं. उलट छापून आलं की ते आणखी पक्कं होणार होतं. आपण दादाचं ओझं हलकं करतोय असंही मला वाटलं. इतकी मी शहाणी. त्याला दाखवलं असतं तर त्यानं खोडलं असतं. म्हणून दाखवलं नाही.

छापखाना चाचांचा होता. त्यांच्या घरात तीन पिढ्या हाच धंदा चालत आलेला. चाचा कुठलाही मजकूर आत देण्याआधी स्वतः शेवटपर्यंत वाचायचे, लग्नपत्रिकासुद्धा. त्यांनी माझा कागद वाचला आणि चष्मा काढून हातात धरला.

'बेटा, भाईला दाखवलं का हे?'

'हो चाचा.'

'त्यो हाव म्हनला?'

'हो म्हणाला.'

'मंग ठीक हाय.' तरी त्यांनी कागद लगेच आत दिला नाही. 'घरची बात हाय, म्हनून इचारलं. छापल्यावर आपल्या हातात ऱ्हात न्हाई.'

मी म्हटलं, 'चाचा, संध्याकाळपर्यंत पाहिजेत.' त्यांनी मान हलवली आणि कागद आत दिला. पत्रकं वेळेवर मिळाली, छपाई सुरेख होती.

अप्पांना कार्यक्रमाला मीच बोलावलं. दादाला हेही सांगितलं नव्हतं. माझ्या डोक्यात त्याला आनंदाचा धक्का द्यायचं होतं. अप्पा परीटघडीचं धोतर नेसून, टोपी नीट बसवून पहिल्या रांगेत बसले. दादाची बस लोह्याजवळ बंद पडली होती, त्याला उशीर झाला. तोपर्यंत पत्रकं सगळ्यांच्या हातात गेली होती. मी दाराशी उभी राहून बघत होते. लोक पहिली ओळ वाचत होते आणि गप्प होत होते. फोटोचं विचारणारे ते मुख्याध्यापक माझ्याकडं बघून म्हणाले, 'आता झालं बगा.' मी मनातल्या मनात फुलून गेले होते. हे लिहायला लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती.

अप्पा ओळीखाली बोट ठेवून सावकाश वाचतात. त्यांनी दोनदा वाचलं. मग कुणी न बोलावता ते काठीवर भार देऊन उभे राहिले आणि लोकांकडं वळले.

'हे माझ्या लेकीचं हाय,' ते म्हणाले. 'कचेरीत कुनी माझं ऐकलं न्हाई. माझ्या लेकरांनी छापलं. माझा पोरगा तवा सतरा वर्षाचा व्हता. समदं गाव पडलं व्हतं, आन् त्यानं बहिनीचं नाव लिहिलं. त्यानं त्याचं काम केलं व्हतं. त्याची काय बी चूक न्हाई.'

सभागृहात टाळ्या सुरू झाल्या. दादा तेव्हा दारातून आत आला होता. कुणीतरी त्याच्या हातात पत्रक दिलं होतं आणि तो माझ्यापासून चार हातांवर उभा राहून ते वाचत होता. वाचून त्यानं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. तो रागावला असता तर मला सोसलं असतं. त्यानं फक्त बघितलं, आणि पत्रक खिशात घालून पुढं गेला.

टाळ्या थांबत नव्हत्या. घरातल्या घरात अप्पांपुढं ते खोटं त्यानं कसंबसं वागवलं होतं; इतक्या लोकांच्या टाळ्या त्याला पेलल्या नाहीत, असं मला आता वाटतं. तो माईकपाशी गेला. सभेत तो नेहमी पुस्तकी मराठी बोलायचा, तसंच बोलला.

'ह्या पत्रकात एक चूक आहे. पान हरवलं नव्हतं. कुठल्याही कारकुनाचा दोष नाही. यादी मीच लिहीत होतो, आणि मी तिचं नाव लिहिलं नाही.' मग तो अप्पांकडं वळला. 'अप्पा, म्या लिहिलंच नव्हतं.'

अप्पा खाली बसले. आयोजकांनी उगीच पाण्याची बाटली पुढं केली. दादानं घसा साफ केला आणि ठरल्याप्रमाणं डेटाबेसबद्दल सांगायला सुरुवात केली: बसवायचा कसा, वापरायचा कसा, बिघडला तर काय करायचं. सगळं क्रमानं, एकही मुद्दा न विसरता. ते मला ऐकवेना, आणि तिथून हलताही येईना.

त्याचं बोलणं संपायच्या आधी अप्पा उठून माझ्यापाशी आले आणि म्हणाले, 'घरला चल.' घरी मी पाणी दिलं. ते सगळं पाणी प्याले आणि तांब्या खाली ठेवला.

'तुला ठावं व्हतं?'

खोटं बोलता आलं असतं. त्या आठवड्यात मी बरंच बोलले होते. 'हाव, अप्पा.'

'कवापसनं?'

'दिवाळीपसनं.'

'म्हंजी मी एकलाच हिंडत व्हतो,' ते म्हणाले.

मी त्यांच्या पायाशी बसले. आता तर सोपं झालं, असं काहीतरी घाईघाईनं बोलत सुटले. दादा लिहून देईल, शपथपत्र करू, महिनाभरात नाव लागेल. अप्पांनी मला पुरतं बोलू दिलं.

'अर्जात कारन लिहावं लागतंय,' ते म्हणाले. 'काय लिहू? सरकारी कागदावर पोराला गुन्हेगार करू व्हय?'

पुढच्या बुधवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही आले नाहीत. मी मात्र किती तरी बुधवार त्यांच्या वाटणीच्या भाकऱ्या थापत होते. गावी गेले की ते दुकानात बसलेले असायचे. पावसाचं बोलायचे, तुरीचं बोलायचे, माझ्या पोरांचं विचारायचे. रागावले नाहीत, चिडले नाहीत, आणि धाकटीचा शब्द त्यांनी पुन्हा काढला नाही. मी दादाचं विचारलं की म्हणायचे, 'आला व्हता. जेवला. गेला.' दादा माझ्याशी बोलणं टाकून बसला होता. मी फोन केले, पत्रं लिहिली, एकदा नांदेडला त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. वहिनीनं जेवायला घातलं. तो कॉलेजातून आलाच नाही.

पुढच्या वर्षी ज्येष्ठात अप्पा गेले. दुकानातच, बसल्या जागी. त्यांना नव्या गावाच्या रानात रीतीप्रमाणं बसवून माती दिली. दादा खड्ड्याच्या काठाशी उभा होता. त्यानं माझ्याकडं न बघता विचारलं, 'बेलाची पानं कुठं हायत?' मी टोपली पुढं केली. त्या दिवशी तो माझ्याशी बोलला ते एवढंच, आणि त्यानंतर तेवढंही नाही.

माझी ओळ मात्र जोरात चालली होती. सॉफ्टवेअरबरोबर पत्रकही इंटरनेटवर खुलं ठेवलेलं होतं, कुणीही घ्यावं, कुणीही वापरावं. उदगीरकडच्या कुणीतरी ते कानडीत केलं, मग तेलुगूत झालं, हिंदीत झालं. प्रत्येक भाषेत भाऊ नाव लिहीत होता आणि कारकून पान हरवत होता. मी दादाच्या मित्रांना कळवलं, ती ओळ काढा. त्यांनी बिचाऱ्यांनी लगेच काढली आणि तिच्या जागी वीज गेली तरी नोंद कशी टिकते त्याची एक कोरडी ओळ टाकली. पण मागचं सगळं तिथं शिल्लक राहतं, आणि त्या ओळीपुढं ती लिहिणारीचं नाव आहे, ते माझं. बाकीच्यांनी नेलेल्या प्रती तर आमच्या हातातच नव्हत्या. मी एकेकाला लिहीत बसले. काहींनी काढली. एकानं उलट कळवलं, की मॅडम, हीच ओळ वाचून आमच्याकडं लोक येतात.

मजकुराची जबाबदारी त्यांनी एकदा माझ्यावर टाकली होती ती तशीच राहिली. पत्रकात कुणी काही बदल सुचवला की मंजुरीसाठी तो माझ्याकडं येतो. गेल्या श्रावणात असाच एक आला. मी मेडिकलच्या एका क्लासचा फ्लेक्स लिहीत होते, सकाळचे अकरा वाजले असतील. बदल दादानं केलेला होता.

वीज गेल्याच्या त्या कोरड्या ओळीखाली त्यानं एक ओळ वाढवली होती. धाकटीचं नाव, त्याला जोडून अप्पांचं नाव, आमच्या जुन्या गावाचं नाव, वय नऊ. बाकी काही नाही. भूकंप नाही, भाऊ नाही, गोष्ट नाही. त्याच्या मित्रांपैकी एकानं खाली विचारलं होतं, हे कुणाचं नाव आहे, वापरणाऱ्यांना ह्याचा काय उपयोग? त्याचं बरोबर होतं. कुठल्याही मुख्याध्यापकाला त्यातलं काही कळणार नाही. अप्पांचे अर्ज सोडले तर तिचं नाव लिहिलेलं मी तिच्या शाळेच्या वहीवर शेवटचं बघितलं होतं. मी पदर तोंडात धरून रडले.

कुणीही बदल केला की तो का केला, हे लिहायला शेजारी एक रकाना असतो. दादा त्या रकान्यात एरवी परिच्छेद लिहितो. इथं त्यानं दोन शब्द लिहिले होते: 'राहिलं होतं.'

मी मंजुरी दिली आणि फोन हातात घेऊन बसले. दुपारपर्यंत क्लासवाल्यांचे तीन फोन येऊन गेले. त्याचा आला नाही.